ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि एसीशिवाय घर: आधी छताचं बघूया

लष्करवाली

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सर्वांत कडक नऊ दिवस, लागायला अजून अवकाश आहे, पण आमच्याकडे लू, म्हणजे गरम कोरडं वारं, सुटली आहे. अकरानंतर गल्लीत शुकशुकाट. गेल्या काही वर्षांत आजूबाजूच्या बऱ्याच घरांना एसी लागले, आणि त्यांच्या बाहेरच्या पेट्या आमच्या अरुंद गल्लीत गरम हवा सोडत असतात. ती हवा जाते कुठे, तर ज्यांच्याकडे एसी नाही त्यांच्या खिडकीत. हे मला मनापासून खटकतं. शिवाय ऐन दुपारी लाइट गेली की एसीवाल्यांचे हाल आमच्याहून वाईट, कारण त्यांच्या घरात दुसरी काही सोयच उरलेली नसते. म्हणून हा धागा काढते आहे. प्रत्येकाने आपल्या घरात खरोखर काय उपयोगी पडतं ते लिहा.

माझं मत ठाम आहे. ऊन घरात शिरल्यावर त्याच्याशी झगडण्यापेक्षा ते शिरूच न देणं सोपं आणि स्वस्त. आणि ते शिरतं मुख्यतः डोक्यावरून. ग्वाल्हेर २६ अक्षांशावर आहे, २१ जूनला भर दुपारी सूर्य आपल्या माथ्यावर ८७ अंशांपर्यंत येतो. म्हणजे मे-जूनमध्ये दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागतच नाही. दिवसभर भाजते ती गच्ची, आणि तीननंतर पश्चिमेची भिंत. तरी लोक दक्षिणेच्या खिडकीला जाड पडदे लावतात आणि गच्ची काळवंडलेली तशीच ठेवतात.

आमचं घर जुनं, गर्डर-पटियाचं, म्हणजे लोखंडी गर्डरवर दगडी फरश्या टाकून छत केलेलं. खालच्या भिंती दगडाच्या, चांगल्या दीड हात जाड, त्यामुळे खाली मे महिन्यातही दुपारी बसवतं. वरची खोली मागाहून बांधलेली, तिला सिमेंटचा स्लॅब. सासूबाई जिना उतरू शकत नाहीत, त्या वरच असतात, म्हणून सगळा प्रश्न त्या खोलीचा. त्या स्लॅबवर आम्ही दरवर्षी होळी झाली की चुना मारतो. पद्धत सविस्तर लिहिते, कारण अर्धवट केलं तर तो महिन्यात पोपडे धरतो.

कळीचा, म्हणजे न विझवलेला चुना आणायचा. आदल्या संध्याकाळी लोखंडी पिंपात भिजत घालायचा, प्लास्टिकची बादली वापरायची नाही, कारण पाणी पडताच चुना उकळायला लागतो. मुलांना गच्चीवर फिरकू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी तो फडक्यातून गाळून ताकाइतका पातळ करायचा, त्यात थोडा फेव्हिकॉल घालायचा, म्हणजे चालताना पायाला लागत नाही. गच्ची तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, ओलसर असतानाच ऊन उतरल्यावर पहिला हात मारायचा. दुसरा हात आडवा, तिसरा उभा. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. लगेच भरपूर पाण्याने धुवत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा.

चुना मारलेल्या गच्चीवर दुपारी दोनला तळवा टेकवता येतो, शेजारच्या न मारलेल्या गच्चीवर येत नाही. खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो आणि मुख्य म्हणजे रात्री छत उष्णता कमी ओकतं.

स्थापत्य_वेडा

लष्करवाली ताई, धागा उत्तम. मी इंदूरचा, इमारतींच्या आराखड्यांचं काम करतो. छताबद्दल पूर्ण सहमत, थोडी भर घालतो.

तुमचा खालचा मजला थंड का, तर जाड दगडी भिंत दुपारची उष्णता सावकाश पिते आणि ती आतल्या बाजूला पोचायला रात्र होते. तोवर बाहेरची हवा निवलेली असते, खिडक्या उघडल्या की सुटका. चार-पाच इंचांच्या स्लॅबमधून तीच उष्णता काही तासांत खाली येते, म्हणजे संध्याकाळी सहा ते मध्यरात्र, नेमक्या माणसं घरात असण्याच्या वेळेला.

म्हणूनच खिडक्यांचं वेळापत्रक छताइतकंच महत्त्वाचं. सकाळी आठच्या आत सगळं बंद, पडदे ओढलेले. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की, बहुधा रात्री नऊ-दहाला, समोरासमोरच्या खिडक्या आणि जिन्याचं वरचं दार सताड उघडं. गरम हवा जिन्यातून वर निघून जाते आणि खालून गार हवा आत ओढली जाते. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने आमच्या रात्री ग्वाल्हेरपेक्षा बऱ्या, इथे निव्वळ एवढ्यावर मे निघून जातो. तुमच्याकडे रात्रीही पारा तिशीच्या वर राहिला तर एवढं पुरणार नाही, हे मान्य.

आणि ग्वाल्हेरकरांनी आपल्या किल्ल्यावर जाऊन बघावं. राजा मानसिंह तोमरांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेल्या मानमंदिर महालाला जमिनीखाली दोन मजले आहेत. जमिनीत काही मीटर खाली गेलं की तापमान वर्षभर फारसं हलत नाही, वर्षाच्या सरासरीपाशीच राहतं, आणि तुमच्याकडे ती सरासरी पंचवीस-सव्वीसच्या आसपास आहे. बाहेर ४५ असताना खाली काय वाटत असेल याचा अंदाज करा. तुमच्या लष्कर भागातल्या काही जुन्या वाड्यांत तळघरं आहेत, ती अडगळीने भरलेली असतात. साफ करून, हवा खेळती ठेवून दुपारपुरती वापरली तर त्यासारखी खोली नाही.

मुरारचा

मी कूलर बनवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो, वडिलांपासून चालत आलंय. छत-भिंतीचं तुम्ही जाणकार लोक बोला, मी कूलरचं बोलतो. ग्वाल्हेरात कूलर नीट लावला तर एसीची गरज पडत नाही, हे मी पैज लावून सांगतो. पण दहातल्या सात घरी तो चुकीचा लावलेला असतो.

पहिली गोष्ट. कूलर बाहेर, खिडकीच्या तोंडाशी. त्याच्या तिन्ही जाळ्यांना बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे. खोलीच्या आत ठेवला की तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, तासाभरात अंग चिकट होतं आणि लोक म्हणतात कूलर बिघडला. दुसरी, याच्याहून मोठी. हवा बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी किंवा दार चार बोटं नाही, चांगलं हातभर उघडं. माणसं थंडावा जाईल म्हणून सगळं लावून घेतात. अहो, कूलर हवा आत ढकलतो. जुनी बाहेर गेल्याशिवाय नवी येणार कशी?

तिसरी गोष्ट घास, म्हणजे जाळीत भरतात ते लाकडाचे बारीक तंतू. वर्ष झालं की ती बदलायचीच. जुन्या घासेवर क्षार बसतो, पाणी एकाच धारेने खाली येतं आणि बाकीची जाळी कोरडी राहते. बघायचं कसं सांगतो. पंप चालू करून दहा मिनिटांनी जाळी उघडा आणि हात फिरवा. जिथे कोरडं लागेल तिथून लू जशीच्या तशी आत येते आहे. वरच्या पाइपची भोकं सुईने मोकळी करा, घास दाबून नाही तर सैल, पण सगळीकडे सारखी भरा. खस, म्हणजे वाळा, परवडत असेल तर समोरच्या एका जाळीत खस आणि बाजूला साधी घास, असं करून देतो मी. वासही येतो आणि खर्चही आटोक्यात. घासेऐवजी मिळणारं जाळीदार हनीकॉम्ब पॅड जास्त वर्षं टिकतं, पण आपल्या खाऱ्या बोअरच्या पाण्याला तेही चोंदतं. रोज थोडं पाणी टाकीतून सोडून ताजं घालत जा.

शेवटची गोष्ट जिवाची. लोखंडी बॉडीचा कूलर म्हणजे पाणी, पत्रा आणि वीज एकत्र. अर्थिंग नसेल तर चालवू नका. पाणी भरताना प्लग बाहेर, नुसतं बटण बंद नाही. मुलं ओल्या हाताने जाळी धरतात. बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या, कूलरच्या खर्चात तो सहज निघतो.

चाफा_बडोदे

मुरारचा दादा, ग्वाल्हेरपुरतं तुमचं खरं, पण बडोद्याहून वाचणाऱ्यांनी कूलर घेण्याआधी थांबा. आमच्याकडे एप्रिलमध्ये कूलर छान चालतो, मेच्या अखेरीस खंबाताच्या आखाताकडून दमट वारं सुरू झालं की तोच कूलर नको होतो. ओले पडदेही तसेच. कोरड्या हवेत उपयोगी, दमट हवेत घामसुद्धा वाळू देत नाहीत.

आमच्या बाजूला गच्चीवर चायना मोझॅक करतात, पांढऱ्या चकचकीत फरशीचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून. एकदा केलं की कित्येक वर्षं बघायला नको, पाणीही गळत नाही. चुना दरवर्षी मारणं ज्यांना जमत नाही त्यांनी याचा विचार करावा. फक्त धूळ झाडून, धुऊन ठेवायला हवी. मळलेलं पांढरं ऊन परतवत नाही.

स्थापत्य_वेडा

चाफा, बरोबर. यामागचं गणित थोडक्यात सांगतो. कूलरची हवा कितीही झालं तरी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाच्या आकड्याखाली जात नाही. ग्वाल्हेरात ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर तो आकडा साधारण २३. चांगला कूलर या फरकातला ८० टक्के पल्ला गाठतो, म्हणजे तोंडाशी २७ च्या आसपास हवा. जुलैत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की तो आकडाच २९ असतो, कूलर ३० ची ओली हवा देतो. यंत्र तेच, हवा बदलली.

१ लिटर पाणी वाफ होताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता शोषतं. तासाला ६ लिटर उडालं तर ते ४ किलोवॅटचं काम झालं. १.५ टनाच्या एसीची क्षमता ५.२ किलोवॅट. कूलरच्या गारव्यातला बराचसा हवेबरोबर बाहेर जातो, त्यामुळे दोन्ही अगदी समान नाहीत, पण विजेचा फरक बघा: कूलर दीडशे-दोनशे वॅट, एसी दीड हजाराच्या घरात.

कोरडी_विहीर

पाण्याचं कुणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. मीही लष्करातलाच. तिघरा धरणाचं पाणी उन्हाळ्यात आमच्या भागात दिवसाआड येतं. एका कूलरला दिवसाकाठी साठ-सत्तर लिटर आणि वर संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतणं, हे ज्याच्याकडे बोअर आहे त्याला ठीक. ज्याला टँकरची वाट बघायची आहे त्याने काय करावं? गच्ची शिंपडायला माझा विरोध आहे. तापलेल्या स्लॅबवर ओतलेलं अर्धं पाणी नाल्यात जातं.

लष्करवाली

कोरडी_विहीर, तुमचा मुद्दा मनाला लागला. गच्चीसाठी आम्ही नळाचं पाणी घेत नाही. भाज्या-डाळी धुतलेलं आणि आरओतून वाया जाणारं पाणी दिवसभर बादलीत साठवतो. बादली ओतायची नाही, गोणपाट अंथरून ते भिजवायचं, म्हणजे पाणी वाहून जात नाही, जागच्या जागी वाफ होतं. मात्र आरओचं ते पाणी कूलरमध्ये घालू नये, क्षार फार असतात.

तरीही क्रम लावायचा तर आधी चुना किंवा सावली, मग खिडक्या, मग कूलर, आणि शिंपडणं अगदी शेवटी. पाण्याची टंचाई असेल तर ते सोडूनच द्यावं.

मुरारचा

दादा, कूलरचं पाणीही वाचतं. खोली थंड झाली की पंप अर्धा तास बंद ठेवा, घास ओली असते तोवर पंखा तेवढाच गारवा देतो. रात्री दोननंतर तर नुसता पंखा पुरतो. आणि छत पांढरं असलं की कूलर लहान पुरतो, हे ताईंचं शंभर टक्के खरं. गिऱ्हाईक आलं की मी आधी छत कसं आहे ते विचारतो.

ओटा

मी ग्वाल्हेरातच थाटीपूरला भाड्याने राहते, तिसरा मजला, वर थेट गच्ची. घरमालक चुना मारू देत नाहीत, म्हणतात गच्ची खराब होते. पश्चिमेला मोठी काचेची खिडकी. सहा महिन्यांचं बाळ आहे. घर बदलणं आत्ता शक्य नाही. काय करू?

नागपुरी_ऊन

ओटा ताई, नागपूरहून लिहितो, आमचंही ऊन तुमच्याच तोलाचं. गच्चीला हात न लावता सावली करता येते. शेतीच्या दुकानात हिरवी शेडनेट मिळते, ७५ टक्क्यांची घ्या. गच्चीच्या कठड्याला चार बांबू बांधून ती ताणायची. स्लॅबपासून दोन-तीन फूट वर हवी, मधून वारा गेला पाहिजे. गच्चीवरच टाकली तर उपयोग नाही. वादळापूर्वी सोडता येईल अशी गाठ मारा, मेमधल्या आंधीत ती फाटते. पावसाळ्यात गुंडाळून ठेवा, मालकांचीही हरकत राहणार नाही.

खिडकीला पडदा आतून नको, बाहेरून. एकदा ऊन काचेतून आत आलं की ते पडद्यावर अडतं, पण उष्णता खोलीतच राहते. बाहेरून चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, किंवा वाळ्याची ताटी सोडा, ऊन काचेला लागूच द्यायचं नाही. आमच्याकडे घरोघरी ताट्या लागतात, दुपारी दोनदा पाणी मारलं की झालं.

स्थापत्य_वेडा

अगदी बरोबर. बाहेर काहीच बांधता येत नसेल तर काचेवर बाहेरच्या बाजूने जुनी पांढरी चादर ताणली तरी आतल्या जाड पडद्यापेक्षा बरी. दिवसा बाळाला घेऊन पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खोलीत राहा, पलंग छताखाली मधोमध न ठेवता गादी खाली अंथरा. गॅसचं काम सकाळी नऊच्या आत उरकलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून तिथली खिडकी उघडी ठेवली की शेगडीची धग घरभर फिरत नाही. फ्रिजची पाठ भिंतीला चिकटलेली असेल तर पुढे ओढा.

पंखा बदलायचा झाला तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा घ्या. जुना पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॅट खातो, हा तीस-पस्तीस. इन्व्हर्टरवर दुप्पट वेळ चालतो, लाइट जाणाऱ्या घरात याला मोल आहे.

दवाखान्यातून

मी डॉक्टर आहे, ग्वाल्हेरातच. घराच्या गारव्याबरोबर हेही वाचा, विशेषतः ज्यांच्या घरी बाळ किंवा वयस्कर माणसं आहेत त्यांनी.

खोलीतली हवाच चाळीसच्या वर गेली की नुसता पंखा थंडावा देत नाही, तो गरम हवा अंगावर मारतो. जागतिक आरोग्य संघटनाही चाळीसच्या खालीच पंखा वापरा असं सांगते. अशा वेळी अंग ओल्या फडक्याने पुसून मग पंखा लावावा, किंवा खालच्या मजल्यावर जावं. खोलीत अगदी स्वस्तातला नाही, थोडा बरा तापमापक टांगून ठेवा. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते आणि उकाडा उशिरा जाणवतो, त्यामुळे त्यांच्या सांगण्यावर विसंबू नका, आकडा बघा.

लघवी जास्त होण्याच्या गोळ्या किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर उन्हाळ्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, स्वतः बंद करू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, अंगावर जास्त वेळा पाजायचं. ओटा, तुमच्या बाळाने सहा महिने पूर्ण केले असतील तर घोट घोट उकळून गार केलेलं पाणी चालेल. अंगात सैल सुती झबलं, गुंडाळायचं नाही.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, अंग भाजत असेल तर ते ऊन लागणं आहे, साधा ताप नव्हे. पॅरासिटामॉल उपयोगाचं नाही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी आणि वारा, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले होते. त्यानंतर २०१३ साली तिथे उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा आला, आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करण्याचं काम त्यात जोडलं गेलं. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच केलं. लष्करवाली ताई घरी जे करतात ते मोठमोठ्या शहरांनी सार्वजनिक आरोग्याचा भाग म्हणून स्वीकारलेलं आहे. आपल्या मोहल्ल्यांतल्या पत्र्याच्या खोल्यांवर हे व्हायला हवं असं मला फार वाटतं.

लष्करवाली

डॉक्टर, आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे. पुढच्या रविवारी आमचा उरलेला चुना आणि दोन ब्रश घेऊन तिथे जायचं ठरवलं आहे. पत्र्यावर चुना धरतो का? कुणाला माहीत असेल तर सांगा.

स्थापत्य_वेडा

पत्र्यावर कळीचा चुना टिकत नाही, पत्रा हलतो आणि तो गळून पडतो. गंज घासून बाहेरच्या वापराचा पांढरा ॲक्रिलिक रंग मारा. सिमेंटच्या पत्र्यावर चुना धरतो, पण त्यावर पाय ठेवू नका, फुटतो. शिडी लावून, लांब दांड्याच्या रोलरने करा. खालून बांबूची चटई आणि पत्रा यांच्यात वीतभर जागा ठेवून छत केलं तर फरक आणखी वाढतो.

ओटा

सगळ्यांचे आभार. मालकांशी बोलले, शेडनेटला हो म्हणाले. मुरारचा दादा, एक शंका. पाऊस सुरू झाल्यावर कूलरचं काय करायचं? बाळ आहे म्हणून डासांची भीती वाटते.

मुरारचा

ताई, चालू असतानाही आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायचीच. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचे डास होतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेघेवर पत्र्याला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात, म्हणून ब्रशने कडा घासायच्या. पावसाची झड लागली की घास काढून टाका, टाकी घासून उन्हात वाळवा, पंपाला पुसून पिशवीत ठेवा, आतून पत्र्याला रंगाचा एक हात द्या. मग कूलर झाकून ठेवा.

आणि या वर्षीची घास अजून बदलली नसेल तर याच आठवड्यात बदला. नवतप्यात माझ्याकडे काय, कुणाकडेच वेळ नसतो.